दोन पेशंट, दोघांचेही मागचे पाय गेलेले : निदानाची सुरुवात कुठून करू?

ऊसपट्टा | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक. नोकरीला तीन वर्षं झाली, नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आहे. रोजचं काम तुम्हाला माहीत आहेच : गाभण तपासणी, कृत्रिम रेतन, कासदाह, पोट फुगलेल्या शेळ्या, लसीकरणाचे तक्ते. कॉलेजात वन्यप्राण्यांचा विषय होता, पण तो आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला होता. त्याची फळं आता भोगतोय.

आज पहाटे सहाला वनरक्षकाचा फोन आला. ऊसतोड चालू असलेल्या फडात बिबट्याची मादी बसली होती. माणसं पंधरा फुटांवर आली तरी उठेना, नुसती फिस्कारत होती. पुढच्या पायांवर अंग ओढत सरीतून चारेक हात सरकली आणि परत बसली. तोंडातून लाळ गळत होती. शेजारच्या तालुक्यातल्या बचाव पथकाने डार्ट मारून भूल दिली (केटामीन-झायलाझीन). भूल चढताना एकदा ओकली. मग पिंजऱ्यात घालून रोपवाटिकेत आणली. पिंजऱ्याचं वजन वजा करून ३८ किलो. वय तीन-चार वर्षं असावं.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे लिहितो. ताप १०४.२ फॅरनहाइट होता, म्हणून डेक्सामेथाझोन (स्टेरॉइड), अँटिबायोटिक आणि बी-कॉम्प्लेक्स टोचलं. त्यानंतर रक्त घेतलं. ग्लुकोमीटरवर साखर आली ३१२. दवाखान्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचं (मेंदूपर्यंत जाणारा विषाणूजन्य रोग) एक किट पडून होतं, तारीख अजून उलटली नव्हती. डोळ्यातला स्राव घेऊन ते लावलं. दुसरी रेघ आली, पण अगदी पुसट. मोबाइलचा टॉर्च मारला की दिसते, नाहीतर नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. किटचा फोटो कोणीतरी काढला आणि दुपारपर्यंत चार गावांच्या ग्रुपवर 'बिबट्याला कुत्र्यांचा रोग' असं फिरलं. संध्याकाळी दोन माणसं दवाखान्यात येऊन विचारून गेली, 'डॉक्टर, गावातली कुत्री आम्हीच संपवू का?'

दुसरा पेशंट त्यामानाने गरीब. पेट्रोलपंपवाल्यांच्या मुलाचा हिरवा इग्वाना. दोन वर्षांचा, ९०० ग्रॅम. परिवेश पोर्टलवर (परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीचं सरकारी संकेतस्थळ) नोंदणी केल्याचं सांगतात, कागद उद्या आणणार आहेत. तोही दहा दिवस मागचे पाय ओढतोय, पुढच्या पंजाची बोटं थरथरतात. खाणं पालक, काकडी, अधूनमधून उकडलेलं अंडं. पेटी खिडकीशी आहे, काचेतून भरपूर ऊन येतं. मांड्या चांगल्या गुबगुबीत आहेत, म्हणजे कुपोषण नसावं. माणसांच्या लॅबमध्ये कॅल्शियम ९.८ आलं, म्हणजे ठीकच. रक्तपेशींच्या मशीनने मात्र पांढऱ्या पेशींचा असा आकडा दिला की लॅबवाल्याने मलाच फोन करून विचारलं, 'सर, हा माणूस जिवंत आहे का?'

दोन्हीकडे मागचे पाय गेलेत. मला प्रश्न एवढाच पडलाय की गाय सोडून दुसरं जनावर समोर आलं की सुरुवात कुठून करायची? आणि त्या पुसट रेघेचं काय करू?

---

खवचट_खार | बुधवार, सकाळी ६.५५

बिबट्याला बी-कॉम्प्लेक्स आणि इग्वानाला अंडं. उलटं करून बघा.

---

जुनी_स्लाइड | बुधवार, सकाळी ८.१०

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी सत्तावीस वर्षं विकृतिशास्त्रात काढली. त्यातली निम्मी प्राणिसंग्रहालयातून आणि वनखात्याकडून येणाऱ्या नमुन्यांवर, म्हणजे बरीचशी मेलेल्या जनावरांवर. जिवंत बिबट्या जवळून फार कमी वेळा पाहिला. पण तू जे पाहायचं विसरलास त्याची यादी मला झोपेतही देता येईल.

आधी माणसांचं बघ, बिबट्याचं नंतर. लाळ गळतेय, मागचा भाग लुळा पडलाय, माणसाला बुजत नाही. मांसाहारी जनावरात हे तिन्ही एकत्र दिसले की पहिला संशय पिसाळण्याचा घ्यायचा, मग ते शेवटी काहीही निघो. हातमोजे कोणी घातले नव्हते, लाळ कोणाच्या अंगाला लागली, कोणाला ओरखडा आहे, ही नावं आत्ताच्या आत्ता कागदावर उतरव आणि सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात धाड. तू स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधी घेतली असशील असं धरून चालते. नसशील तर यादीत पहिलं नाव तुझं.

आता औषधं. इंजेक्शन आधी आणि रक्त नंतर, हे उलटं झालं. वेळ थोडा गेला असेल तर कालचं रक्त अजून उपयोगाचं आहे. पण आजपासून जे रक्त काढशील ते डेक्सामेथाझोनची गोष्ट सांगेल, बिबट्याची नाही. नमुना पहिला, सुई नंतर. म्हशीतही हेच आहे, फक्त म्हैस चूक पोटात घालते.

साखर ३१२ बघून कोणी मधुमेह म्हणालं तर हसून सोडून दे. झायलाझीन इन्सुलिन दाबतं, त्यात भ्यालेल्या मांजराची साखर तशीही चढते, आणि बिबट्या म्हणजे शेवटी मांजरच. १०४ तापाचंही तसंच. फडातून अंग ओढत आलेलं, भोवती दोनशे माणसांचा कालवा ऐकणारं जनावर तापणारच. जनावर पकडण्याच्या धावपळीने जे बदलतं ते आधी वजा करायचं आणि उरेल त्याकडे रोग म्हणून बघायचं. वन्यप्राण्यांच्या रक्ताचा रिपोर्ट वाचायला मी असंच शिकले.

किट. किती मिनिटांनी वाचलंस? पाकिटावर जी वेळ दिलेली असते ती उलटून गेल्यावर बऱ्याच किटवर अशी भुताची रेघ उमटते. मधल्या वेळात चहाला गेला होतास का? शिवाय ते किट कुत्र्यांसाठी बनवलेलं आहे. बिबट्याच्या डोळ्यातल्या पाण्यावर ते किती खरं बोलतं हे त्या पाकिटावर लिहिलेलं नाही. त्या रेघेच्या जोरावर डिस्टेंपर आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. डोळा, नाक आणि घसा यांचे स्वॅब घे, जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधलं रक्त घे, आणि सगळं बर्फावर ठेवून आरटी-पीसीआरला पाठव. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे, तेव्हा नमुने वनखात्याच्या पत्रासोबतच जाऊ देत. औंधच्या रोग अन्वेषण विभागाला आधी फोन कर. ते स्वतः करतील किंवा नागपूरला गोरेवाड्याच्या की बरेलीच्या प्रयोगशाळेत पाठवायचं ते सांगतील.

डिस्टेंपरची भीती मात्र फुकाची नाही, हेही सांगते. १९९४ साली सेरेंगेटीत या विषाणूने सुमारे हजार सिंह नेले, तिथल्या एकूण सिंहांपैकी एक तृतीयांश. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये सिंह पटापट मेले. तेव्हा विषाणू ओळखला तो आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. दोन्हीकडे गोचिडांतून येणारा बबेशिया हा रक्तातला परजीवीही सोबतीला होता, हे लोक विसरतात. म्हणून रक्ताची एक स्लाइड तिथल्या तिथे ओढून ठेव. एका काचेला किती खर्च येतो?

तरीही माझं मन डिस्टेंपरकडे जात नाहीये. का, ते विचारते. तिची नखं बघितलीस का?

मांजरवर्गातलं जनावर गाडीने उडवलं की ते डांबरावर फरफटताना नखं बाहेर काढून रस्ता धरू बघतं. नखांची टोकं अशी होतात, जशी चावून चावून केलेली दातुनाची काडी. तंतू निघतात. बाहेरून जखम दिसत नाही, केसांवर रक्त नसतं, पण नखं सांगतात. दुसरं, खालचा जबडा दोन्ही हातांनी धरून मधोमध हलतो का ते पाहायचं. मांजर तोंडावर आपटलं की जबडा हनुवटीशी दुभंगतो. मग तोंड मिटत नाही आणि लाळ गळत राहते. फडापासून डांबरी रस्ता किती लांब आहे, हे तू लिहिलंच नाहीस.

आणि बाहुल्या? सुईच्या टोकाएवढ्या असतील तर विषबाधा. कोणी मेलेल्या शेळीवर कीटकनाशक टाकलं असेल. भुलेखाली बाहुलीवर भरवसा ठेवू नकोस, जागी असताना लांबून टॉर्च मारून बघ. ती ओकली म्हणतोस. ओकारी कोणी धुऊन टाकली? त्यात अर्धी केस होती रे.

थोडं विषयांतर करते. २००० च्या आसपास आपल्याकडे गिधाडं मान खाली टाकून झाडावर बसायची आणि दिवसा-दोन दिवसांनी खाली पडायची. उघडलं की काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरा थर. यूरिक अ‍ॅसिड. संसर्ग असणार असं भल्याभल्यांना वाटत होतं, विषाणूचा शोध चालू होता, आणि हाती काही लागत नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने उत्तर दिलं. त्यांनी केलेली सगळ्यात साधी गोष्ट कोणती, तर गुरांच्या डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना विचारलं : इथल्या जनावरांना तुम्ही असं काय देता ज्याने मूत्रपिंड जाऊ शकतं? डायक्लोफिनॅक, म्हणजे साधं वेदनाशामक. पांढरा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडलं, थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर मी स्वतः दवाखान्याच्या दिवसांत किती म्हशींना ते टोचलं असेल, मोजायला बसले नाही.

तर सुरुवात कुठून करायची याचं माझं उत्तर असं : ते जनावर काल कुठे होतं, काय खाल्लं, त्याच्यावर काय आदळलं, हे विचारण्यापासून. किट सगळ्यात शेवटी.

---

कात_टाकली | बुधवार, सकाळी १०.३०

इग्वानाचं मी सांगतो. पुण्यात सरडे, कासवं, पोपट याच पेशंटांवर पोट आहे माझं.

डॉक्टर, त्या गुबगुबीत मांड्या हाच त्याचा आजार आहे. हाडातलं कॅल्शियम निघून जातं, जागा भरायला तंतूंची गादी तयार होते आणि मांडी भरल्यासारखी दिसते. मालक फार खुश असतात, 'अंग धरलंय' म्हणतात. जबडा दोन बोटांत हलका दाबून बघा, खोडरबरासारखा दबेल. हलका म्हणतोय. या हाडांना जोर सोसत नाही. तपासताना मांडी मोडलेली केस मी पाहिली आहे, आणि तपासणारा मीच होतो.

कॅल्शियम ९.८ ला फसू नका. रक्तातली पातळी राखायलाच तर शरीर हाडं खातंय. फॉस्फरस करून घ्या, शक्य असेल तर आयनाइज्ड कॅल्शियमही. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेलं असेल तर मूत्रपिंडाचीही काळजी करा. इग्वानाची मूत्रपिंडं पार मागे, कमरेच्या हाडांच्या कड्यात असतात. ती सुजली की विष्ठा अडते आणि पायही ओढले जातात. म्हणजे मागचे पाय जायला एकाच प्राण्यात दोन वेगळी दारं आहेत. एक्स-रे एकच काढा, पोटावर झोपवून, पूर्ण अंगाचा. हाडं धुक्यासारखी दिसतील. मादी असेल तर अंडीही दिसतील, आणि मग कॅल्शियमचा आकडा पुन्हा वेगळा वाचावा लागेल.

मशीनच्या आकड्याचं. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं. माणसाच्या रक्तावर चालणारं मशीन त्यातल्या कितीतरी पेशी पांढऱ्या समजून मोजतं. स्लाइड ओढा, हाताने मोजा. पुढच्या वेळी शेपटीच्या खालच्या शिरेतून घ्या आणि हिरव्या बुचाची, हेपरिनची ट्यूब वापरा. कासवात आणि कावळ्यासारख्या काही पक्ष्यांत जांभळ्या बुचातलं रक्तच फुटून जातं, तेव्हा हिरव्याची सवय लागलेली बरी.

आता मूळ दुखणं. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्ही-बी किरण काच अडवते. पोरगा दोन वर्षं इग्वानाला उन्हाचा फोटो दाखवतोय. सकाळी कोवळ्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायला सांगा, अर्धी सावली सोडून. यूव्ही-बी ट्यूब घेतलीच तर सहा महिने ते वर्षभरात बदलायची, दिसायला ती पेटत असली तरी. पालक बंद, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अंडं कायमचं बंद, हा शुद्ध शाकाहारी प्राणी आहे. शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची पानं-फुलं तुमच्याकडे बांधाबांधाला असतील. कॅल्शियम तोंडाने सुरू करा, पण आधी त्याला पाणी द्या आणि ऊब द्या. थंड पडलेल्या सरड्याला दिलेलं औषध पोटात नुसतं पडून राहतं.

---

पिंजरा_नंबर_सात | बुधवार, दुपारी २.१५

मी डॉक्टर नाही. प्राणिसंग्रहालयात ३१ वर्षं प्राणीरक्षक होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. जुनी_स्लाइड बाईंनी नखांचं सांगितलं, मी शेपटीचं सांगतो. बिबट्या चिडला की आधी शेपूट बोलते, तोंड नंतर. तुमची मादी फिस्कारताना शेपूट आपटत होती का दोरीसारखी पडून होती? तेवढं एक बघा.

दुसरं, माणूस समोर असताना ती काय करते ते खरं धरू नका. ही जनावरं माणसासमोर दुखणं दाखवत नाहीत. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी गोणपाट टाका, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून आत ठेवा आणि सगळे लांब जा. रात्रीचं बघा. लघवी झाली का, कुठे झाली, बसून केली का आपोआप गळली, ते सकाळी जमीन बघून कळतं. आमचे एक डॉक्टरसाहेब राउंडला आले की पहिलं मला विचारायचे, 'काय नवीन?' मी एकदा म्हणालो, साहेब, वाघीण आज हौदाकडे पाठ करून बसली. बाकी काही नाही, खाणं नेहमीसारखं. त्यांनी त्याच दिवशी लघवी तपासली. मूत्रपिंडाचं निघालं.

लेंड्यांचं पण सांगतो. एका पिंजऱ्यात तीन बिबटे असले की कोणाची विष्ठा कोणाची हे कळत नाही. आम्ही एकेकाच्या मटणात वेगवेगळा खाण्याचा रंग मिसळायचो. दुसऱ्या दिवशी लेंडी स्वतःच नाव सांगते.

आणि हत्तीचा टीबी बघायचा तर सोंडेत सलाइन घालायचं, सोंड वर धरायला लावायची आणि मग पिशवीत फुंकायला सांगायचं. तीन वेगळ्या दिवशी. निम्मं पाणी माझ्या अंगावर. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन महिने. तोवर हत्तीला आणि मला दोघांनाही वेगळं ठेवलं होतं म्हणा ना.

---

जुनी_स्लाइड | बुधवार, दुपारी २.५०

लेंडीचा विषय निघाला म्हणून एक. वाघ-बिबट्याची विष्ठा फक्त मिठाच्या पाण्यावर तरंगवून तपासू नका. फुप्फुसातल्या पॅरागोनिमसची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. गाळ बघावा लागतो. ओढ्यातले खेकडे खाणाऱ्या जनावरात हा किडा सापडतो. माझ्याकडे 'क्षयरोगाचा संशय' असं लिहून आलेली एक फुप्फुसं होती, कापली तर त्यात जोडीने बसलेले हे किडे. विष्ठेचा रिपोर्ट तीनदा 'निगेटिव्ह' आलेला होता. तिन्ही वेळा तरंगवूनच पाहिलं होतं.

शेपटीचं उत्तम. मला सुचायला हवं होतं.

---

तिलारीकाठ | बुधवार, संध्याकाळी ७.०५

वनखात्यात आहे, दोडामार्ग भागात काम केलं आहे. कुत्री मारायची भाषा वाचून राहवलं नाही. २०१६ ला आमच्याकडे माकडतापाची साथ आली तेव्हा लोक म्हणायचे, माकडंच संपवा. माकड तर आम्हाला आधी सांगणारं होतं. जंगलात माकड मरून पडलं की त्या भागात विषाणू आला हे माणसं आजारी पडायच्या आधी कळायचं. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड उतरून आजूबाजूला पसरतात, म्हणून जवळ जायचं नाही, ठिकाण कळवायचं. शिमोग्याला १९५७ साली हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तोही माकडं मरायला लागली म्हणूनच.

डॉक्टर, तुमच्या त्या चार गावांत गेल्या महिन्यात कुत्री झटके येऊन मेली का, पिल्लांच्या नाका-डोळ्यांतून घाण येत होती का, एवढं विचारून घ्या. खरंच डिस्टेंपर असेल तर आधी कुत्र्यांत दिसेल.

---

ऊसपट्टा | बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. क्रमाने लिहितो.

रेबीजची यादी केली, सात माणसं. दोघांना ओरखडे होते, ते त्यांनी कालपासून बायकोलाही सांगितले नव्हते. सगळ्यांच्या लसी सुरू झाल्या. मी आधी घेतलेली होती, बूस्टर आज घेतला.

किट. बाई, चहाला नाही, पंचनाम्यावर सही करायला गेलो होतो. दहा मिनिटांनी वाचायचं होतं, मी पाऊण तासाने वाचलं.

शेपूट. आज दुपारी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती एकदा उठायचा प्रयत्न करते. पुढचा भाग पूर्ण जोरात आहे. शेपूट ओल्या पंचासारखी मागे पडलेली. लघवी गळत होती.

त्यानंतर पुन्हा भूल द्यायला लागली. संगमनेरहून एका कुत्र्यांच्या दवाखान्याचं पोर्टेबल एक्स-रे मशीन आणलं. त्याआधी नखं बघितली. पुढच्या दोन्ही पंजांची बाहेरची नखं, अगदी तुम्ही लिहिलंत तशी. दातून. मी ती काल डार्ट काढताना हातात धरली होती. जबडा मधोमध हलतो. एक्स-रेत कमरेचा तिसरा मणका सरळसरळ तुटून सरकलेला.

फडापासून राज्य मार्ग ३०० मीटरवर आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. वनरक्षकाने आज तिथल्या धाबेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सोमवारी रात्री काहीतरी मोठं कुत्र्यासारखं धडकल्याचा आवाज आला होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे डिस्टेंपरचे नमुने आता पाठवायची गरज नाही ना?

---

जुनी_स्लाइड | बुधवार, रात्री १०.४५

पाठव. मणका का तुटला हे तुला कळलं. ती गाडीपुढे का आली हे कुठे कळलंय? ऊसपट्ट्यातला बिबट्या रस्ता ओलांडायला लहानपणापासून शिकलेला असतो. मेंदूत विषाणू असलेलं जनावर दिवे बघूनही हलत नाही. एक कारण सापडलं की दुसरं शोधायचं थांबू नये. माझ्या टेबलावर निम्म्या चुका अशाच आल्या.

---

ऊसपट्टा | मंगळवार, रात्री ९.३०

शेवटचं कळवतो. ती सोमवारी पहाटे गेली. वरिष्ठ आणि वनखात्याची समिती पुढे काय करायचं यावर बैठक घेणारच होती, तिने वेळ दिला नाही.

शवविच्छेदन तिघांनी मिळून केलं. मणक्याच्या जागी मज्जारज्जू पूर्ण चिरडलेला. मूत्राशय फुटायला आलेलं. पोटात फक्त थोडे केस. फुप्फुसात किडे नव्हते, मुद्दाम कापून पाहिलं. मेंदू अर्धा बर्फावर आणि अर्धा फॉर्मलीनमध्ये ठेवला, बाकीचं समितीसमोर जाळलं. स्वॅबचा पीसीआर आज आला, डिस्टेंपर निगेटिव्ह. रेबीजचाही निगेटिव्ह. रक्ताच्या स्लाइडवर बबेशिया नाही. त्यामुळे ती गाडीपुढे का आली याचं उत्तर, बाई, बहुतेक एवढंच असावं की ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता आणि पुढचाही एकच होता. हे मी अहवालात लिहिलेलं नाही.

चारही गावांत विचारलं. झटके येऊन मेलेलं कुत्रं कोणाला आठवत नाही. ग्रामपंचायतीने कुत्री मारण्याऐवजी रेबीज लसीकरणाचा कॅम्प घेतला, रविवारी ४१ झाली. ती दोन माणसं कुत्री धरायला सगळ्यात पुढे होती.

इग्वानाचा फॉस्फरस वाढलेला नाही, एक्स-रे धुक्याचाच. पोरगा रोज सकाळी त्याला गच्चीवर नेतो. शेवग्याचा पाला खातोय, थरथर कमी आहे. पाय अजून ओढतो. नोंदणीचा कागद अजून आलेला नाही.

---

कात_टाकली | मंगळवार, रात्री ९.५०

पायांना दोन-तीन महिने द्या. तोवर झाडावर चढू देऊ नका, पडला तर मोडेल. वजन दर आठवड्याला, किराण्याच्या काट्यावर चालेल. आणि त्या कागदाच्या मागे लागा.

---

जुनी_स्लाइड | मंगळवार, रात्री १०.०५

फॉर्मलीनमध्ये मेंदूचा तुकडा केवढा जाड ठेवलास?

---

ऊसपट्टा | मंगळवार, रात्री १०.०८

एक सेंटिमीटर. फॉर्मलीन दहापट.

---

जुनी_स्लाइड | मंगळवार, रात्री १०.०९

अर्धा ठेवायचा. चालेल.